परसातली सावली

मराठीत लागवडीच्या जागेला नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नावात त्या जागेचे प्रयोजन सांगितलेले आहे. मळा बाजारासाठी असतो, वाडी कुटुंबाच्या उपजीविकेसाठी असते, बाग बहुधा डोळ्यांच्या सुखासाठी लावली जाते. परस मात्र मुद्दाम कोणी आखलेला नसतो. घर बांधून झाल्यावर मागे जी जागा उरते आणि घरात वापरून झाल्यावर जे पाणी उरते, त्या दोहोंची गाठ पडली की परस तयार होतो. न्हाणीचे पाणी उताराने जिकडे जाईल तिकडे अळू येतो, अळवापलीकडे केळीचा खुंट, त्याच्या कडेला कर्दळ, भिंतीलगत कढीपत्ता, आणि पावसाळ्यात कुडावर चढलेला दोडक्याचा नाहीतर कारल्याचा वेल. कोणी नकाशा काढलेला नसतो. पण वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर त्या जागेकडे पाहिले, तर त्या घरातील माणसांनी केव्हा काय राखले आणि केव्हा काय सोडून दिले, हे तेथे स्पष्ट वाचता येते.

प्रस्तुत लेखात मला जो प्रश्न मांडावयाचा आहे तो या जागेतूनच निर्माण झाला आहे. आपण स्वतःच्या हाताने लावलेली बाग वर्षानुवर्षे वाढत जाते आणि एके दिवशी ती आपण लावलेली बाग उरत नाही. अशा वेळी तिच्याशी इमान राखणे म्हणजे नेमके काय करणे? मनात जी बाग धरली होती तिच्याशी इमान राखायचे, की आज समोर उभी आहे तिच्याशी? आणि दोन्ही एकदम राखता येत नसतील, तर निर्णय कोणी करावयाचा? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि ज्या घरात तो उभा राहिला तेथे त्याच्यापायी दोन पिढ्यांचे बोलणे काही दिवस तुटले होते.

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. भोवताली हळद, सोयाबीन, ऊस, कापूस, हरभरा. जमीन काळी आणि भारी. वसईच्या वाडीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ही जमीन समजायला वेळ लागतो. पावसाळ्यात ती फुगते, पाय रुतवून घेते. उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांबरोबर झाडांची कोवळी मुळेही तुटतात. पाणी साचले तर पपई मूळकुजीने जाते, पाणी ओढले तर मिरची जाते. आमच्याकडे वाडीत बावखल असे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, आणि रहाटाने उपसलेल्या पाण्यावर केळी, पानवेली व फुलझाडे वाढत. पुष्कळ बावखले पुढे बुजवली गेली, तो इतिहास वसईच्या वाचकांना मी सांगायला नको. मुद्दा एवढाच की वाडीला पाण्याची तजवीज होती, आणि परसाला घरातल्या उरलेल्या पाण्यापलीकडे काही नव्हते.

जवळा बाजारच्या एका घरी माझे गेली बावीस-तेवीस वर्षे जाणे आहे. गृहस्थ शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. परस त्यांच्या मातोश्रींचा. त्यांना घरात व गल्लीत सर्व जण बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी जातो तो वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. अशा जाण्याचा एक फायदा असतो. जो रोज पाहतो त्याला वाढ दिसत नाही; काल आणि आज यांत फरकच नसतो. जो सहा महिन्यांनी येतो त्याला एकदम दिसते की आंबा कुडाच्या वर गेला, शेवगा वादळात मोडला, तुळशीवृंदावन आता सावलीत आले. परंतु अशा पाहण्याला किंमतही पडलेली नसते. मला बदल दिसले. त्या बदलांसाठी वाहिलेल्या बादल्या मी पाहिल्या नाहीत. बाईंनी बादल्या वाहिल्या, आणि कित्येक बदल त्यांच्या लक्षात आले तेव्हा फार उशीर झाला होता. या दोन पाहण्यांपैकी खरे कोणते, असे विचारणे मला व्यर्थ वाटते. पण बोलण्याचा अधिकार कोणत्या पाहण्यातून येतो, हे विचारणे व्यर्थ नाही.

येथे मला सेमिनरीत शिकलेला ॲरिस्टॉटल आठवतो. निसर्गाने घडलेली वस्तू आणि माणसाने घडवलेली वस्तू यांतील भेद सांगताना आपल्या ‘भौतिकी’च्या दुसऱ्या पुस्तकात त्याने अँटिफॉनचा एक गमतीचा दाखला घेतला आहे. समजा, एखादी लाकडी खाट जमिनीत पुरली आणि कुजता कुजता तिला कोंब फुटला, तर त्या कोंबातून काय येईल? लाकूड येईल, खाट येणार नाही. खाटेचा आकार सुताराने बाहेरून दिलेला आहे. वाढण्याची प्रेरणा लाकडाची स्वतःची आहे. विद्यार्थिदशेत हा दाखला मला चमत्कारिक वाटे. परसाकडे पाहताना तो उलगडला. वाफे, आळी, मांडव, कुंपण हा सारा खाटेचा भाग झाला; तो बाईंनी दिला. आत जे वाढते ते मात्र त्यांच्या आराखड्याला बांधलेले नाही. सुताराला आपली खाट वीस वर्षांनी परत पाहिली तर ती झिजलेली दिसेल, पण खाटच दिसेल. माळ्याला ती शाश्वती कधीच नसते. हे ठाऊक असूनही जो लावतो, त्याने लावतानाच आपल्या आराखड्यावरचा हक्क थोडासा सोडलेला असतो, असे म्हणावे लागते.

थोडासाच, सगळा नाही. नाहीतर माळी आणि वाटसरू यांत फरक उरणार नाही.

बाईंच्या परसाची हकीकत आता सांगतो. मी प्रथम पाहिला तेव्हा तो उन्हाचा परस होता. चार वाफे होते. त्यांत हंगामाप्रमाणे मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची, टोमॅटो. न्हाणीच्या तोंडाशी अळू आणि केळ. पूर्वेच्या कुडाशी एक लिंबू. आंब्याचे केशर कलम त्यांच्या मुलाने दोन-तीन वर्षांनी आणून लावले, तेव्हा ते कमरेएवढेही नव्हते. त्याला शेळीपासून राखण्यासाठी बोरीच्या काट्या लावल्या होत्या. त्याच सुमारास दक्षिणेच्या कोपऱ्यात एक कडुनिंब आपोआप उगवला. निंबोळी पाखरांनी टाकली असेल. तो कोणी लावला नाही, कोणी पाणी घातले नाही, आणि उपटलाही नाही. पाडव्याला पाला घरचा मिळेल, असे म्हणून तो राहू दिला गेला.

मग दुष्काळ आले. २०१२-१३ चा एक, आणि त्यानंतर २०१४ पासून २०१६ च्या पावसापर्यंत लांबलेला दुसरा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेस ५ लाख लिटर पाणी होते. लातूर दूर असले तरी त्या वर्षी मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत पाणी मोजूनच वापरले जात होते. शेजारच्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना परसाला पाणी घालावे काय? बाईंनी या प्रश्नाचे उत्तर कोणाला विचारले नाही. नळाचे किंवा टँकरचे पाणी परसाला द्यायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःस घालून घेतला. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, भांडी विसळलेले, एवढेच पाणी परसाचे. ते दिवसाकाठी दोन-तीन बादल्या भरे. दोन बादल्यांत चार वाफे जगत नाहीत. तेव्हा वाफे गेले, केळ गेली, लिंबू एका बाजूने वाळला. पाणी मिळाले ते आंब्याला आणि कढीपत्त्याला.

बागकामाविषयी लिहिताना आपण वाढवण्याबद्दल बोलतो. नाकारण्याबद्दल फारसे बोलत नाही. वस्तुतः त्या दोन उन्हाळ्यांत बाईंनी जे केले ते नाकारणेच होते. वांग्याच्या रोपासमोरून बादली घेऊन पुढे जायचे, थांबायचे नाही, हे काम रोज सकाळी करावे लागते, आणि ज्याच्यासमोरून पुढे जायचे त्याला आपणच लावलेले असते. ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८ हजार झाडे तपासली. त्यांना पिढ्यांचे प्रमाण हवे होते, म्हणून एक झाड गेले तरी हिशेब चालू राही. विज्ञानाच्या दृष्टीने ते योग्यच. बाईंच्या हिशेबात मात्र तेच झाड जाते आणि त्याच्या जागी दुसरे मोजता येत नाही.

दुष्काळ सरला, पाऊस आला, पण परस पूर्ववत झाला नाही. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. मधल्या काळात घरात नवी न्हाणी व शौचालय बांधले गेले, फरशी आली, सांडपाणी नळीने शोषखड्ड्यात गेले. घरातल्या सुनेला अंधारात बाहेर जावे लागत नाही, चिखल नाही, डास कमी झाले. हे सारे चांगले झाले, आणि त्याविषयी हळहळ व्यक्त करणारे लेख वाचले की मला त्यांचा राग येतो. हळहळणाऱ्याने त्या चिखलात पहाटे उभे राहून पाहावे. तरी हेही खरे की ज्या उरलेल्या पाण्यावर तो परस उभा होता ते पाणीच आता उरले नाही. अळू गेला तो यामुळे. त्याचा दोष कोणाकडेही जात नाही. चांगल्या गोष्टीचेही मोल कोणीतरी मोजत असते. येथे ते अळवाने मोजले.

दुसरे कारण कडुनिंब. काळ्या जमिनीत खोल मूळ गेल्यावर त्याला कोणाच्या बादलीची गरज नव्हती. दुष्काळात सारे परस वाळत असताना तो वाढत होता. आज त्याचा घेर निम्म्याहून अधिक परसावर आहे, उरलेल्यावर आंब्याचा. वांगी, टोमॅटो, मिरची यांना दिवसाला किमान ६ तास ऊन लागते. तेथे आता दोन तासही धड पडत नाही. बाईंनी दोन वर्षे मेथी टाकून पाहिली. ती उंच, पिवळट, दोऱ्यासारखी आली. शेवटी त्यांनी त्या जागी हळदीचे गड्डे लावले. हळद थोडी सावली सोसते. ज्या जिल्ह्यातल्या ‘वसमत हळदी’ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, जूनच्या आधी लावावी, आठ-नऊ महिन्यांनी काढावी. पण बाईंना हळद नको होती. “फादर,” त्या मला म्हणाल्या, “ह्या लिंबाला म्या लावलंच न्हाई, अन् आता त्योच मला माझ्या वाफ्यात येऊ देईना.”

तेराव्या शतकात संत आल्बर्ट महान यांनी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात बाग कशी असावी हेही सांगितले. हे संत थॉमस अक्वायनसचे गुरू. देवदूतांपासून गवतापर्यंत सर्व विषय त्यांना सारखेच प्रिय होते. हिरवळीच्या मधोमध झाड लावू नये, ती जागा मोकळ्या हवेला खुली असावी, आणि ज्यांची सावली बाधते अशी झाडे जवळ नसावीत, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला उत्तम आहे. पण तो लावण्याच्या दिवसाचा आहे. सावली पडून गेल्यानंतर काय करावे, हा प्रश्न निराळा, आणि बहुतेक कुटुंबांपुढे तोच असतो.

बाईंचे म्हणणे होते की लिंब तोडावा. मुलाचे म्हणणे, तोडू नये. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. मागची खोली राहण्याजोगी राहते ती या झाडामुळे, आणि त्या खोलीत झोपतात त्या बाईच. नातवाचे म्हणणे तिसरेच. बाजाराच्या गावात रस्त्यालगतची जागा अशी ठेवणे त्याला परवडणारे वाटत नाही. परसाची एक बाजू आता रुंद झालेल्या रस्त्याला लागते. तेथे चार गाळे काढले तर भाडे येईल आणि आजीच्या औषधपाण्याची चिंता मिटेल. कायद्याचाही एक विनोद येथे आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, त्याला परवानगी लागते. कडुनिंब त्या यादीत नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल की तिघेही बाईंच्याच हिताचे बोलत होते. मुलगा त्यांच्या झोपेसाठी, नातू त्यांच्या औषधासाठी. मला या वादात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. एखाद्या माणसाच्या भल्यासाठी निर्णय घेताना त्या माणसाला सर्वांत शेवटी विचारण्याची पद्धत आपल्या घरांत रूढ आहे, आणि तिला आपण प्रेम म्हणतो. ते प्रेम खोटे असते असे नाही. पण बाईंना मेथीचा वाफा हवा होता, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या त्या संभाषणात मेथीचा उल्लेख कोणी करत नव्हते.

अंजिराच्या झाडाचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. मालक तीन वर्षे फळ पाहायला येतो, निराश होतो, तोडायला सांगतो. माळी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणीन, खत घालीन म्हणतो. या दृष्टांतावर पश्चात्तापाची प्रवचने पुष्कळ झाली आहेत. मला त्यातली एक लहानशी गोष्ट महत्त्वाची वाटते. जमीन मालकाची, झाड त्याच्या सांगण्यावरून लावलेले. तरी झाडाच्या वतीने बोलतो तो माळी. त्याला तो अधिकार कोठून आला? त्याच्या हाताला माती लागली आहे, यातून. आणि पुढच्या वर्षीही फळ आले नाही तर तोडण्यास तो हरकत घेत नाही. म्हणजे त्याचे प्रेम आंधळे नाही. संत लूकने पुढच्या वर्षी काय झाले ते सांगितलेलेच नाही.

या न्यायाने पाहिले तर परसावर पहिला शब्द बाईंचा. पण येथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाईंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या खुरपे घेऊन बसू शकत नाहीत. पाणी सून घालते, पाला सून झाडते. हाताला माती लागणे हाच अधिकाराचा पाया असेल, तर तो आता सुनेकडे गेला, आणि आश्चर्य म्हणजे या वादात सुनेला कोणी विचारलेच नव्हते. शरीर थकले की अधिकार संपतो काय? मला तसे वाटत नाही. जुने पाणी कोठून वाहत होते, कोणत्या वाफ्यात मुरूम आहे आणि कोणत्यात शेणखत जिरलेले आहे, लिंबाचे मूळ कोणत्या बाजूस गेले आहे, हे सारे त्या घरात एकट्या बाईंना माहीत आहे. लक्ष दिल्याची वर्षे मोजावीच लागतात; त्यांना मुदत नसते. म्हणून मी म्हणेन की पहिला शब्द बाईंचा, दुसरा सुनेचा, आणि जे केवळ जमिनीचे वारस आहेत त्यांचा त्यानंतर. त्यांना बोलूच नये असे नव्हे. घराला खर्च असतात, आणि गाळ्यांचा हिशेब मांडणे हे काही पाप नव्हे.

मुलांना रोपट्याची उपमा देऊन हाच विचार पालकांना सांगण्याचा मोह अनेक वक्त्यांना होतो. ती उपमा मला आवडत नाही. रोपटे उलट उत्तर देत नाही. मूल देते, आणि देणे हा त्याचा हक्क आहे. परसातून शिकायचे ते परसापुरतेच असावे.

तेथे मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. “काळच बदलला, त्याला कोण काय करणार,” असे वाक्य त्या घरात त्या दिवसांत वारंवार ऐकू येई. काळाने काहीही केलेले नव्हते. शोषखड्डा कोणीतरी खणला, आंबा कोणीतरी लावला, लिंब कोणीतरी राहू दिला. कढीपत्ता जगवताना वांगे मरू दिले. प्रत्येक ठिकाणी निर्णय होता, बहुतेक निर्णय योग्य होते, आणि प्रत्येकात काहीतरी गेले. योग्य निर्णयातही जे जाते त्याचे नाव घेतले नाही, तर ज्याचे ते गेले त्याला आपण एकटे पडलो असे वाटते. बाईंचा राग लिंबावर नव्हताच, असे मला वाटते. आपला वाफा गेला हे घरात कोणाच्या लेखी गेलेले नाही, याचा तो राग होता.

मे महिन्याच्या शेवटी लिंबाच्या पूर्वेकडच्या तीन फांद्या उतरवल्या. ही सूचना सुनेने केली. पलीकडच्या फांद्या तशाच आहेत, त्यामुळे मागच्या खोलीवरची सावली फारशी हलली नाही. कुडालगतच्या पट्ट्यावर आता सकाळचे साडेतीन-चार तास ऊन पडते. वांग्याला ते पुरणार नाही. मेथीला, कोथिंबिरीला कदाचित पुरेल. बाई खुर्चीवर बसून सांगतात, सून आळी करते. दोघींचे मेथी किती दाट टाकावी यावर एकमत नाही. गाळ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. नातवाने मोजणी करून घेतली आहे, आणि चारांऐवजी दोनच गाळे काढले तर कुडालगतचा पट्टा वाचतो की नाही, हे पाहण्यासाठी तो दिवाळीनंतर पुन्हा गवंड्याला बोलावणार आहे.